आपांची साक्ष

शहागंजात माझं टायपिंगचं दुकान होतं. आपा तिथं पहिल्यांदा आल्या त्या भंगार निवडणाऱ्या बायकांचा अर्ज घेऊन. माहेर पंजाबी, लग्न होऊन इथं आलेल्या. कविता उर्दूत लिहायच्या, पंजाबीतही. अर्ज मात्र माझ्याकडून मराठीत करून घ्यायच्या. "शेर सुनके साहब लोग वाह वाह करते, मजुरी नहीं देते," म्हणायच्या.

पुढं एका भंगाराच्या गोदामाची भिंत पडून त्यांतली एक पोरगी मेली. तिच्या आईनं भरपाईचा दावा लावला. मालक म्हणाला, ती माझ्याकडं कामालाच नव्हती. बाकीच्या बायका पोटाच्या भीतीनं गप्प बसल्या. आपा रोज तिथं जाऊन बायकांना सही शिकवायच्या, त्यामुळं सगळी भिस्त त्यांच्या साक्षीवर होती.

साक्षीच्या आठवडाभर आधी त्यांना मेंदूचा झटका आला. शुद्धीवर आल्या तेव्हा उर्दू गेली होती, हिंदीही. उरली होती तुटकी पंजाबी. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी.

मेलेल्या पोरीची आई खाटेशी येऊन बसली. "आपा, तुमी कोर्टात बोलणार व्हता ना?"

आपा तिचा हात धरून तेच ते पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. आम्हा दोघींना काही कळेना. शेवटी मी गुरुद्वाऱ्यातून एका वयस्कर सेवादारांना घेऊन आले. त्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली.

"कहती हैं, काम की छुट्टी हो गई थी। लड़की घर जा रही थी। मैंने ही रोका, दीवार के पास बिठाया, कि सही पूरी करके जा।"

मी वकिलांसाठी कागद काढून बसले होते. हे कळलं असतं तर मालकाच्या वकिलाला दुसरं काहीच लागलं नसतं.

आईनं आपांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग मला म्हणाली, "ते नका लिहू."

साक्ष झाली नाही. पुराव्याअभावी दावा फेटाळला गेला.

आपा पुढं दोन महिने जगल्या. ती आई रोज दुपारी यायची, पेज भरवायची, तोंड पुसायची आणि न बोलता निघून जायची. एकदा मी विचारलं, "राग नाय येत तुम्हाला?"

"येतो की. लई येतो. पन उपाशी कसं ठिवायचं?"

आपा गेल्या त्या दिवशी मी तिला निरोप धाडला. ती आली नाही.