धोंड्याचे दिवे

माझ्या गाडीच्या बंपरला खाली दोन भोकं होती आणि त्यांवर काळ्या प्लास्टिकची दोन झाकणं होती. वरच्या मॉडेलला त्या जागी फॉग लाइट येतात, खालचं मॉडेल घेणाऱ्याला कंपनी झाकणं देते. म्हणजे गाडी समोरून आली की शंभर पावलांवरून जगाला कळतं, या गड्यानं घासाघीस करून स्वस्तातली घेतली. ती झाकणं माझ्या डोळ्यांत सलायची. बायको एकदा म्हणाली, "नांदेडात धुकं पडतंय तरी कधी?" मी म्हणालो, तुला काय कळतंय. हे वाक्य तेव्हा दिवसातून चार वेळा माझ्या तोंडी असायचं.

मी महसूल खात्यात कारकून होतो. दोन वर्षं पाऊस नव्हता. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं, विष्णुपुरीला धरणाच्या कडेनं चिखलाला भेगा पडल्या होत्या, आणि आमच्या कचेरीत चर्चा कशाची, तर नव्या जिल्ह्याची. उदगीर होणार, अंबाजोगाई होणार, किनवट होणार. जिल्हा झाला की नवी कचेरी, नवी पदं. बाहेर माणसं घागरी घेऊन टँकरमागं पळत होती आणि आम्ही पंख्याखाली बसून कोण कुठल्या खुर्चीवर बसणार ते ठरवत होतो. मी स्वतःला मनातल्या मनात नायब तहसीलदार करून टाकलं होतं. नव्या कचेरीपुढं साहेब लोकांच्या रांगेत झाकणवाली गाडी लावायची, या विचारानंच मला लाज वाटायची.

त्यात धोंड्याचा महिना आला. लग्नाला वर्ष झालेलं, पहिलाच धोंडा. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, आणि तेहेतीस अनारशांबरोबर एक दिवा वाण म्हणून देतात. ज्याची जशी ऐपत तसा दिवा, तांब्याचा नाही तर चांदीचा. सासऱ्यांनी फोन करून विचारलं, कसा दिवा आणू. मी म्हणालो, "मामा, देवापुढचा दिवा हाय आमच्या घरात. तुम्ही गाडीचे दोन द्या. फॉग लाइट. पण ओरिजनल, कंपनीचे." माझ्या विनोदावर मीच हसलो. ते नुसतं "बरं" म्हणाले.

सासरे औशाचे. बसच्या डेपोत तीस वर्षं वायरमन होते. त्यांनी हात लावलेल्या बसचे दिवे घाटात दगा देत नाहीत, असं ड्रायव्हर म्हणायचे, आणि रिटायर झाल्यावरही कुणी ना कुणी गाडी घेऊन त्यांच्या दारात उभं असायचं. बोलणं कमी. वायर कापायच्या आधी ती दोन बोटांत धरून ते जरा वेळ बघत बसत. मला त्यांची ही सवय आवडायची नाही. मला त्यांचं काहीच आवडायचं नाही, कारण त्यांच्या पोरीला त्यांचं सगळं आवडायचं.

आम्ही जेवणाच्या आदल्या दिवशी औशाला पोचलो. बायकोला पाचवा महिना होता. अंगात रक्त कमी होतं, दोनदा चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरनं मला समोर बसवून सांगितलं होतं की हिला उपाशी राहू देऊ नका, दर दोन-तीन तासांनी काही तरी पोटात गेलं पाहिजे. मी मान डोलावली होती.

सकाळी सासरे म्हणाले, "गाडीची किल्ली द्या, जरा पुसून आणतो." धुवायला पाणी कुठं होतं. मी किल्ली दिली. त्यांचा एक जुना मुसलमान मित्र होता, डेपोतला जोडीदार, त्याचं बाजारात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. तिथं दोघांनी मिळून दोन-अडीच तास काम केलं, हे मला नंतर कळलं. अकरा वाजता गाडी दारात आली. झाकणं जाऊन त्या जागी दोन गोल दिवे बसले होते. जाड काच, लोखंडी बॉडी आणि पिवळा उजेड. काचेवर कंपनीचं नाव नव्हतं.

अंगणात मांडवाखाली वीसेक पाहुणे होते. सासऱ्यांनी दिवे लावून दाखवले आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर मला जरा हसू दिसलं. मी म्हणालो, "हे रिक्षाचे दिवे कुणी लावले?"

पाहुण्यांतले दोघंतिघं हसले. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याची थट्टा गोड मानून घ्यायची असते. सासरे जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, हे कंपनीच्यापेक्षा भारी हायत. तुमचा रस्ता सगळा धुरळ्याचा. पांढरा उजेड धुरळ्यावर आपटून परत डोळ्यावर येतो, पिवळा खाली रस्त्यावर ऱ्हातो. वायर येगळी वढली, रिले टाकला, दोन्ही दिव्यांला येगयेगळा फ्यूज टाकला. गाडीच्या वायरिंगला कायबी भार न्हाई."

"वॉरंटी जाते," मी म्हणालो.

"माझी हाय की वॉरंटी."

"तुमची वॉरंटी घेऊन मी कुठल्या शोरूममध्ये जाऊ?"

आता कुणी हसलं नाही. पंगत बसली. मी पाटावर बसलो. ताटात धोंडे आले, वर तूप आलं. मी हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिलो. जावयानं रुसायचं, सासऱ्यानं मनवायचं, घड्याळ नाही तर अंगठी कबूल करायची आणि मग जावयानं हसून घास घ्यायचा, हा खेळ आमच्याकडं सगळ्यांना पाठ असतो. पाच मिनिटांचा खेळ. जावयानं घास घेतल्याशिवाय पंगत जेवत नाही आणि नवरा जेवल्याशिवाय बायको जेवत नाही. मला हे सगळं माहीत होतं, म्हणूनच मी बसून राहिलो. त्या वेळी माझ्या हातात जी काही सत्ता होती ती एवढीच होती, आणि ती मला फार आवडली.

"काय पाहिजे?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी फोनवर सांगितलं होतं. ओरिजनल."

 त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दाराला टेकून बायको बसली होती. सकाळी चहा तेवढा घेतलेला, तोही ओकून पडला होता. सासूबाई तिच्या हातात अनारसा कोंबत होत्या आणि ती म्हणत होती, "ते जेवले न्हाईत अजून." सासऱ्यांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. लातूर तिथून वीसेक किलोमीटर. माझी गाडी दारात उभी होती. ते बसनं गेले.

म्हाताऱ्या पाहुण्यांनी मला समजावून पाहिलं. मी ताटाला हात लावला नाही. एकच्या सुमारास लोकांनी आपापली ताटं हळूच बाजूला घेऊन जेवायला सुरुवात केली, माझ्याकडं न बघता. मी पाटावरून उठून खुर्चीत बसलो आणि मोबाइलवर नव्या जिल्ह्याची बातमी शोधली. अडीच वाजता बायकोला घेरी आली. सासूबाईंनी तिला भिंतीशी आडवं केलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मला दिसत होतं. मी उठलो नाही. उठलो असतो तर हरलो असतो, असं मला खरंच वाटत होतं. आज ते लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

साडेतीनला सासरे आले. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. हातात कंपनीच्या नावाचा डबा, त्यावर चकाकणारं स्टिकर. मी ते नखानं खरवडून बघितलं, मोबाइलमध्ये फोटो काढला. त्यांनी उकिडवं बसून पिवळे दिवे काढले आणि नवे बसवले. वायर तीच ठेवली. एक स्क्रू दोनदा खाली पडला. मी वर उभा राहून बघत होतो, खाली वाकून स्क्रू दिला नाही.

मग मी जेवलो. गार धोंडे, गोठलेलं तूप. चांगले लागले.

परत येताना लातूरच्या पुढं दिवस मावळला. टँकर जात-येत होते आणि धुरळ्याचा नुसता पडदा होता. मी मोठ्या दिमाखात नवे दिवे लावले. समोर सगळं पांढरंफेक झालं आणि रस्ता दिसेना. "बघ कसा उजेड हाय," मी म्हणालो. बायको खिडकीबाहेर बघत होती. मी गुपचूप दिवे बंद केले आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये हाकली.

महिना झाला नसेल, एक दिवा बंद पडला. नांदेडला वर्कशॉपमध्ये दाखवला. तिथल्या मिस्त्रीनं दिवा काढला, हातात घेऊन उलटापालटा केला. "साहेब, डुप्लिकेट हाय. डबा तेवढा कंपनीचा आसंल. आतलं होल्डर वितळलंय बघा." मग त्यानं बॉनेट उघडून वायर बघितली. "पण ही वायरिंग कुणी केली? लई सुरेख काम हाय. फ्यूज उडाला म्हणून वाचलात. न्हाई तर चालती गाडी पेटली असती."

चालत्या गाडीत शेजारी कोण बसतं, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. मला फक्त आनंद झाला. म्हातारा सापडला होता. संध्याकाळी घरी येऊन मी फोन लावला आणि बायकोला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. ती भाकरी करत होती.

"मामा, तुम्ही मला डुप्लिकेट माल दिला."

"हाव," ते म्हणाले.

मला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दुकानात हातात घेतलं तव्हाच कळलं व्हतं. वजनच न्हाई त्याला. शोरूमवाले म्हणले, तुमच्या मॉडेलचं आठ दिवसांनी येतंय. आठ दिवस कसं थांबायचं?"

"मग तिथं सगळ्यांसमोर सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही जेवला नसता," ते म्हणाले. "पोरगी सकाळपासून उपाशी व्हती. तिच्या पोटात दोन घास गेले पाहिजे व्हते. वायर माझी व्हती, तिचा भरवसा व्हता मला. कायबी झालं तर फ्यूज उडंल, म्हणलं." मग त्यांनी विचारलं, "जेवली का ती?"

 मी फोन बंद केला.

बायकोनं तव्यावरची भाकरी उतरवली, स्टोव्ह बंद केला. ताट घेतलं, त्यात भाकरी आणि वरण घेतलं आणि भिंतीला पाठ लावून जेवायला बसली. साडेसात वाजले होते. मी अजून हातपाय धुतले नव्हते. लग्न झाल्यापासून तिनं माझ्याआधी एक घासही घेतला नव्हता. ती सावकाश जेवली, दुसरी भाकरी घेतली, तीही संपवली. पाणी पुरवायचं होतं म्हणून ताट ओल्या फडक्यानं पुसून पालथं घातलं. मी दारात उभा होतो. वाढ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

"तुमचं टोपल्यात हाय," ती म्हणाली आणि आत जाऊन पडली.

नवा जिल्हा काही झाला नाही आणि मी कारकूनच राहिलो. पोरगी झाली, शाळेत जायला लागली. आमचं तसं बरं चाललंय, भांडण नाही, तंटा नाही. पण त्या संध्याकाळनंतर आजपर्यंत ती माझ्यासाठी जेवायची थांबलेली नाही.