दोन बटणांचं घड्याळ

शहागंजात एक म्हातारे घड्याळजी होते. सेकंद मोजणारी, दोन बटणांची जुनी घड्याळं खरी आहेत की बनावट, हे ते डोळ्याला भिंग लावून सांगत. नामांतराच्या दंगलीत गावचं घर जळाल्यावर शहरात येऊन कारखान्यात लागलेल्या एका माणसानं माझ्यासमोर तसलं घड्याळ त्यांना दाखवलं.

"बापाचं हाय, चाचा. एवढंच वाचलं. असली हाय ना?"

"नाय. मशीन दुसरीच बसवलीय, तबकडीबी रंगवलेली."

माणूस घड्याळ तिथंच ठेवून निघून गेला. घड्याळजी अनवाणी मागं धावले, पण तो गर्दीत सापडला नाही. पुढं ते रोज त्या घड्याळाला चावी देत.

एकदा मला म्हणाले, "खरं तेच सांगितलं मी. पण आधी त्याच्या बापाबद्दल विचारायला पाहिजे होतं."

त्यानंतर कुणी जुनं घड्याळ आणलं, की भिंग उचलण्याआधी ते विचारायचे, "कुणाचं होतं?"