बोलावणं कॅसेटवर, पाठवणी राहिली

तर अबाह सार्मेदी स्टुडिओच्या उंबऱ्यावर बसले आणि उठेचनात, इथवर आलो होतो आपण. उंबऱ्यावर बसणं आमच्याकडे अशुभ. पोरींना तर दटावतात, बसलीस तर नवरा मिळायचा नाही. अबाहंना बायको होती, त्यामुळे तेवढी भीती नव्हती म्हणा! पण तिन्हीसांजेला नखंसुद्धा न कापणारा हा माणूस भर दुपारी बांडुंग शहरात उंबऱ्यावर बसला, मांडीवर आपलं वाद्य आडवं घेऊन, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी फार बिघडलंय.

काल अर्ध्यात झोपलेल्यांसाठी जरा मागे जातो.

अबाह म्हणजे आजोबा, थोरल्या माणसाला आम्ही असंच म्हणतो. हे अबाह हाडाचे शेतकरी. डोंगरउतारावरच्या खाचरांत पाय रोवून रोवून पायाची बोटं अशी फाकली होती की कुठली चप्पल धड बसायची नाही. वर्षातून एकदा, कापणी झाली की, वडिलांच्या हातचं तारावांग्सा फडक्यातून बाहेर काढायचे. दोन तारा. एकीवर गज फिरवायचा, दुसरी बोटानं छेडायची. शेजारी मी, ओमो, सात तारांची जेन्त्रेंग घेऊन. बोलावण्याची धून वाजली की न्यी पोहाची, आमची भाताची आई, खाली उतरते. बायका धानाच्या पेंढ्या छातीशी धरून नाचतात. मग पाठवणी वाजवून तिला घरी सोडायचं. पाहुणीला बोलावून दारात उभं ठेवत नाही कुणी.

एकदाच तसं झालं होतं. युद्धात जपानी शिपाई ऐन नाचात धान न्यायला आले. कोठार रिकामं झालं, पाठवणी राहिली. त्या वर्षी अबाहंची दोन लेकरं भुकेनं गेली. धान शिपायांनी नेलं हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण म्हणायचे, "शिपाई गेल्यावर तरी मला वाजवता आलं असतं, ओमो. मी घाबरून आत बसून राहिलो."

आणि १९७६ साली गावात उगवला हेर्लान. वय बावीस, केस खांद्यापर्यंत. आमच्या म्हाताऱ्या तर त्याला आधी मुलगीच समजल्या. एकीनं भात कांडायला बोलावलंन! युरोपातलं शास्त्रीय संगीत ऑर्गनवर शिकलेला, आणि वर त्याचा रॉकचा बँड. त्याला एक लांबच लांब गाणं करायचं होतं, कॅसेटची अख्खी बाजू भरेल एवढं. आधी आमचं बोलावणं, मग गिटार आणि ड्रम, मग ऑर्गनवर चर्चमध्ये वाजतात तसे एकात एक गुंतलेले सूर, आणि शेवटी आमचीच पाठवणी.

"पाठवणी नक्की?" अबाहंनी तीनदा विचारलं होतं.

"नक्की, अबाह."

म्हणून ते आले. बोलावणं झकास झालं. अबाहंना घाई ठाऊकच नव्हती, नऊ मिनिटं वाजवलं. पुढे बँडनं धुमाकूळ घातला, हेर्लानच्या ऑर्गननं तर चौदा मिनिटं खाल्ली. मग स्टुडिओचे मालक पाक सुब्राता, म्हणजे सुब्रातासाहेब, कानांवरचे डबे काढून म्हणाले, "झालं. बाजू भरली."

"आणि पाठवणी?" अबाहंनी विचारलं.

"टेपला काय पोट सुटतं का, अबाह? तीस मिनिटं म्हणजे तीस मिनिटं."

"मग दुसऱ्या बाजूला घ्या."

"तिकडं पाच गाणी भरून ठेवलीत. अहो, शेवटी ऑर्गन असा दणका देतोय की तुमची देवी काय, गल्लीतली मांजरंसुद्धा पळून जातील!"

सगळे हसले. मीही हसलो. लाज वाटते आता.

अबाह उंबऱ्यावर बसले ते तेव्हा. हेर्लाननं केळीच्या पानातला भात आणि तळलेला खारा मासा आणून पुढ्यात ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

"अबाह, आत्ता इथंच वाजवा ना पाठवणी," हेर्लान उकिडवा बसून म्हणाला. "आम्ही सगळे गप्प बसतो. जाईल ती."

"आज जाईल. उद्या कुणी कॅसेट लावली की?"

"म्हणजे?"

"बटण दाबलं की ती येणार रे. ट्रकात येणार, चहाच्या टपरीत येणार, न्हाव्याकडं येणार. हाक माणसाची की यंत्राची, हे आई बघत बसते होय? ती येते. आणि आल्यावर तिला सोडायला कोण आहे?"

हेर्लाननं भाताचं पान जरा जवळ सरकवलं.

"तुझं ते गुंतवळ पाच मिनिटांनी कमी कर," अबाह म्हणाले. "पाया पडतो तुझ्या."

"त्यात माझी दोन वर्षं गेलीत, अबाह."

"माझी दोन लेकरं गेलीत."

पोरगं पांढरंफटक पडलं. टेपजवळ जाऊन उभं राहिलं, टेप कापून जोडायच्या कात्रीकडं बघितलंन. बाहेर पुढचा बँड खोळंबलेला, पाक सुब्राता घड्याळ दाखवतायत. त्यानं कात्री उचलली नाही.

कॅसेट निघाली आणि धो धो खपली. पुढच्याच हंगामात तपकिरी तुडतुडे आले. खाचरंच्या खाचरं जाळल्यासारखी करपली. शेतकी खात्याचा माणूस सांगून गेला, ही कीड अख्ख्या जावाभर आहे, गाण्याबिण्याचा काही संबंध नाही. अबाहंनी सगळ्याला मान डोलावली, आणि तो वळताच बांधावर बसून हमसून हमसून रडले.

त्यानंतर तारावांग्सा फडक्यात राहिलं नाही, पाठीवरच असायचं. कुठं ती कॅसेट कानावर आली की अबाह तिथं जाऊन बसत आणि पाठवणी वाजवत. बसतळावर कंडक्टर ओरडायचे, "अबाह, वऱ्हाड कुठाय?" न्हाव्याकडं एकदा अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक साबण सुकेपर्यंत ताटकळलं, पाठवणी चालू असताना उठायचं कसं? हसायला यायचं हो, पण अबाहंकडं बघितलं की ओठ मिटायचे. गाल बसले, रोज कुठलं ना कुठलं गाव पायी. वाटेत मध्येच थांबून कान द्यायचे. मी म्हणायचो, "काही नाही अबाह, वारा आहे." तरी थांबायचे.

तीन वर्षांनी हेर्लान आला. केस कापलेले. अबाह बसतळावर एका मिनीबससमोर वाजवत होते. पाठवणी संपेपर्यंत तो उभा राहिला, मग तिथंच चिखलात गुडघ्यांवर बसला.

"चुकलो, अबाह. नवी कॅसेट करतोय. तिच्यात तुमची पाठवणी घेतो, पूर्ण, हवी तेवढी लांब. माझा एक सूरही घालत नाही."

अबाहंनी गज पुसला. मग म्हणाले, "वाजवतो की. पण नवी घेणारे वेगळे, जुनी घेतलेले वेगळे. त्या जुन्यांची नावं-गावं मला लिहून दे, हेर्लान. आणि लवकर दे, माझे पाय आता भरवशाचे नाहीत."