लेकीची वळलेली मान

आमच्या अवसरी खुर्दच्या घरामागं कांदा साठवायची लांब बराखी आहे. कांदा विकला गेला की ती रिकामी होते आणि आत दहा मीटर अंतर आरामात भरतं. तिथं मी लेकीला एअर पिस्तूल शिकवलं. मी कॉलेजपासून हौसेनं नेमबाजी करत आलो, पण पदक एकही नाही. ते तिनं आणावं, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

ती तेव्हा बारा वर्षांची होती. पिस्तूल उजव्या हातात धरायची, पण नेम धरताना हनुवटी उजव्या खांद्याकडं न्यायची. मला ती वाईट खोड वाटायची. मी डोकं धरून सरळ करायचो. शेवटी तिच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर पुठ्ठा चिकटवला. मी स्वतः तसंच शिकलो होतो, उजवा हात आणि उजवा डोळा.

"पप्पा, असं नीट दिसत नाय मला."

"दिसत नाय, का बघायचंच नाय?"

जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिचे छर्रे कागदभर पसरले. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "हिचं चित्तच नाय. उगा वेळ घालवला." तिनं पिस्तूल पेटीत ठेवलं. पुन्हा हात लावला नाही. मीही कधी विचारलं नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला माशी पुसट दिसायला लागली. माशी म्हणजे नळीच्या टोकावरची खूण, जिच्यावर नजर ठेवून नेम धरतात. जुन्नरला कामानं गेलो होतो, तेव्हा बाजारातल्या चष्मेवाल्या चाचांना हे सांगितलं. त्यांनी मला दोन्ही हातांच्या बेचक्यात बारीक भोक करायला लावलं.

"त्यातनं समोरची मेडिकलची पाटी बघा. आता डावा डोळा मिटा."

पाटी गेली.

"भाऊ, तुमचा डावा डोळा मालक हाय. उजवा नुसता पगारी!"

"चाचा, तीस वर्षं उजव्यानंच नेम धरतोय मी."

"मंग पदकं दावा की आमाला!"

मलाही हसू आलं, पण अर्ध्यातच थांबलं. लेक आठवली होती, आणि तिच्या डाव्या काचेवरचा पुठ्ठा.

हाताच्या अंतरावर स्पष्ट दिसेल असा नंबर त्यांनी दिला. घरी मी उजव्या काचेवर धुरकट चिकटपट्टी लावली. डोळा कुठलाच मिटला नाही. मिटला की चेहरा आवळतो आणि हात हलतो. मान कशी धरायची, हे आठवडाभर चाचपडत होतो. एका सकाळी हनुवटी आपसूक उजव्या खांद्याकडं गेली. माशी काळी, ठसठशीत दिसली. मागचा कागद धूसर होता, तो तसाच राहू दिला. पाच छर्रे कोटाच्या बटणाखाली झाकतील इतके जवळ बसले.

मी पिस्तूल ठेवलं आणि खाली बसलो. लेकीची हीच मान मी धरून सरळ करत होतो.

लेक आता पुण्यात नोकरी करते. तिला फोन करून सगळं सांगितलं. म्हणालो, "चूक माझी होती. तू बरोबर होतीस."



"मला वाटायचं, मी मनानंच कच्ची आहे," ती म्हणाली. "प्रत्येक परीक्षेला वाटायचं. आता कशाला सांगताय, पप्पा?"

माफी मागितली, रविवारी येशील का विचारलं.

"येईन. आईला भेटायला."

ती आली, जेवली, आईशी गप्पा मारत बसली. बराखीचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. ती तिकडं फिरकली नाही. ती गेल्यावर मीच जाऊन ते लावून घेतलं.