जाळीतली हळद

माझे वडील संगमनेरच्या एका डॉक्टरांची मोटार चालवत. दर बाजाराच्या दिवशी ते डॉक्टरांना राजूरला नेत. डोंगरातले रोगी तिथे वाट पाहत बसत आणि बाजार उठला की निघून जात.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी पुण्याला बी.एस्सी.च्या वर्गात होतो आणि सुट्टीला घरी आलो होतो. मोटारीची उष्णता तेव्हा एका जागी राहत नव्हती. चढाला उष्णतेचा काटा वर जायचा, सपाटीला उतरायचा, पुन्हा चढायचा. दोनदा पाणी उकळून मोटार वाटेत थांबली आणि डॉक्टर पोचेपर्यंत बाजार उठला.

"मामा, पुन्हा असं झालं तर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल," डॉक्टर म्हणाले. ते रागावून बोलले नव्हते, म्हणून वडिलांना ते जास्त लागलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे मोटार आमच्या दारात आणली. आधी मी माझं शिक्षण चालवलं. काटाच खोटा असेल म्हणून त्याची नळी चहाच्या आधणात बुडवली. काटा खरा निघाला. पंख्याचा पट्टा घट्ट होता. माझ्याकडचं सगळं संपलं.

"झालं कालेज?" वडील म्हणाले. "आता फडकं भिजवून आन."

इंजिन तापवून त्यांनी बंद केलं आणि रेडिएटरच्या जाळीवरून ओलं फडकं फिरवलं. कडेची जाळी बघता बघता वाळली. मधला हातभर पट्टा ओलाच राहिला.

"हितं गरम पानी येतच न्हाई. नळ्या बुजल्यात."

खालची चावी सोडली तर पिवळंजर्द पाणी आलं. गळती थांबवायला ड्रायव्हर लोक रेडिएटरमध्ये हळद टाकत. ती फुगून भोक बुजवते. "पर म्या चिमूटभरच टाकली हुती, दिवाळीत," वडील म्हणाले.

आई दारात उभी होती. तिचे हात पिठाचे होते.

"मी टाकत हुते," ती म्हणाली. "दर बाजारी, तुमी आंघोळीला गेलात की. मूठभर."

"मूठभर?"

"तुमीच म्हनला हुता, गळलं की तापतं. तुमचं काम जाऊ नये म्हनून."

वडिलांनी हातातलं फडकं पिळलं. मग म्हणाले, "लई हळद लागली मोटारीला. आता नवरा बघा हिला." आई हसली नाही. ती पदराने डोळे पुसत होती. वडिलांनी तिच्या हातात बादली दिली. "रडू नका. पानी आना."

दुपारपर्यंत आम्ही तिघांनी नळ्या धुतल्या. आई पाणी शेंदत होती, मी ओतत होतो. पाणी नितळ यायला लागलं तसं मूळचं भोक पुन्हा गळू लागलं. त्याला वडिलांनी तांबटाकडून कथलाचा डाख लावून आणला.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या सीटवर औषधांच्या पेटीशेजारी होतो. राजूरच्या चढाला काटा थोडा वर सरकला आणि तिथेच राहिला. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं होतं, मामा?"

"हळद जास्ती झाली हुती, साहेब. माझ्या हातनं."

आम्ही पोचलो तेव्हा बाजार नुकता भरत होता. डॉक्टर उतरता उतरता म्हणाले, "पुढच्या बाजारी हीच वेळ धरा."

घरी आल्यावर वडिलांनी आईला डॉक्टरांचं तेवढंच वाक्य सांगितलं. हळदीचं मधलं बोलणं त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.