डब्यावर पॉइंट चालत नाहीत

त्यानं माह्या छातीकडं बोट केलं. सरळ, हात लांब करून.

"हे कायले देलं देवानं? याले पॉइंट लागत नाहीत. घरी जाय अन् पाज."

काउंटरवर सात-आठ जण उभे होते. दोन बाप्ये हासले. एका बाईनं तोंडाले पदर लावला, पण हासली तीबी. बिल करणारी पोरगी मशीनकडं पाहत राह्यली. त्यानं बोट केलं तथी ब्लाऊजच्या आत पट्टी होती. गळू झालं होतं. चार दिवसाआधी डॉक्टरनं चिरा देऊन पू काढला होता. पट्टी ओली होती अन् मी पदर धरून उभी होती. दुसऱ्या हातात दुधाचा डबा.

तो दुकानाचा मॅनेजर. मोताळ्यातलं मोठं दुकान, काचेच्या दाराचं. आत गेलं की थंड वाटते. अशा दुकानात पयले मी पायातली चप्पल बाहेरच काढून ठेवो. एक दिवस वॉचमन हासला, तवापासून घालूनच जातो.

पोरगी माही आठव्या महिन्यातच झाली. मुठीएवढी. एका बाजूले चिरा, दुसऱ्या बाजूचं पुरे नाही. डॉक्टरीनबाईनं सांगतलं, थोडे दिवस डब्याचं वरचं दूध द्या, तिचं वजन भरू द्या, अन् दुसऱ्या बाजूचं पाजणं बंद नका करू. पयला डबा नवऱ्यानं आणला. तो संपला त्या दिवशी सकाळी. नवरा ट्रॅक्टर चालवते, त्याचा हप्ता बाजाराच्या दिवशी. बाजार तीन दिवसावर होता. पोरगी तीन दिवस थांबते काय?

पण मले घोर नव्हता. माह्याजवळ पॉइंट होते.

ते पॉइंट कसे झाले ते सांगतो. मले दिवस गेले तवा आमच्या गल्लीतल्या शेवंताबाईनं एक गोष्ट काढली. शेवंताबाई म्हणजे गल्लीची म्हातारी, सगळ्याइचे बाळंतपणं तिच्या हातचे. ती म्हणे, "बाळंतविड्यात दरसाल तेच झबलं अन् तेच टोपरं. पेटीत कुजते. यंदा आपण पोरीले पॉइंट देऊ." त्या दुकानात सामान घेतलं का बिल करणारी मोबाइल नंबर इचारते, अन् त्या नंबरावर पॉइंट चढते. आमच्या बायाइजवळ कुठं फोन? असला तर नवऱ्याच्या खिशात. मंग ठरलं. मोताळ्याले जो जाईन, तेल घेवो का साबण, नंबर माहाच, म्हणजे माह्या नवऱ्याच्या फोनचा, सांगाचा. सारी गल्ली सात महिने माहा नंबर सांगत होती. शेवंताबाईले सही येत नाही, अंगठा लावते. पण माहा दहा आकडी नंबर तिले तोंडपाठ.

एकच चुकलं आमचं. ह्या पॉइंटात काय भेटते अन् काय भेटत नाही, हे एकीनंबी इचारलं नाही. आमाले वाटलं, आपले हायेत तर आपल्याले पाहिजे ते भेटीन.

बिल करणारी पोरगी पयले चांगलंच बोल्ली. "ताई, डब्यावर पॉइंट चालत नाहीत. मशीन घेत नाही."

"काऊन?" म्या इचारलं.

एवढंच. काऊन. तेवढ्यावर मॅनेजर आला. त्यानं मशीनमंधी पाह्यलं. मंग माह्या लुगड्याकडं पाह्यलं. मंग पुन्हा मशीनमंधी.

"एका नंबरावर एवढे पॉइंट? तू कोण, शेठाणी हायेस? कोणाकोणाचे चोरले?"

मी म्हटलं, गल्लीनं देले. तो म्हणे, "गल्लीनं!" अन् लोकाइकडं पाहून हासला. म्हणे, "कायदा हाये. डब्यावर सवलत नाही, पॉइंट नाही, काहीच नाही. सरकार म्हणते आईचं दूध पाजा." अन् मंग ते बोट.

  मी डबा ठेवाले मागच्या फळीकडं गेली. डोळ्यात पाणी होतं, फळी दिसत नव्हती.

तेवढ्यात आमच्या गावच्या बागायतदाराची सून आली. तिच्या वावरात मी सहा वर्षं निंदाले गेली. पाचव्या महिन्यातबी गेली. तिचं सामान होतं दोन ढकलगाड्या भरून. अन् त्यात दुधाचा डबा. माह्या हातात होता तोच. तोच रंग, तेच झाकण.

मॅनेजर स्वतः पुढं झाला. "या वहिनी. डबा पॉइंटमधून घेऊ ना?"

पोरगी म्हणे, "सर, मशीन..."

"बदाम मार."

पोरीनं मशीनमंधी डब्याच्या जागी बदाम मारले. डबा पिशवीत गेला, कागदावर बदाम छापून आले. मी पाच हातावर उभी होती. तो मले पाहून राह्यला होता, तरी त्यानं केलं. तो मले मोजतच नव्हता. फळीले कोणी लाजते काय?

मंग वहिनीबाईची नजर माह्यावर पडली. "अगं, तू इथं? बरं झालं. एवढ्या पिशव्या गाडीत ठेवून दे." ती काही वाईट बोल्ली नाही. तिच्यासाठी ते चांगलंच बोलणं होतं. अन् माहे हात, मेले, आपोआप पुढं झाले. सवयीनं. म्या त्या पिशव्या उचलल्या. चिरा ताणला तशी कळ डोक्यात गेली. माह्या पोरीचं दूध म्या माह्या हातानं दुसऱ्याच्या गाडीत ठेवलं.

डिक्की लावता लावता पिशवीत तो कागद दिसला. बदामाचा.

चोर म्हणला होता ना मले. घेतला म्या. ब्लाऊजमंधी, पट्टीच्या वर खोचला. आयुष्यात केलेली पयली चोरी. मले आजवर तिचा पस्तावा झाला नाही, होणारबी नाही.

घरी आली तर पोरगी रडून रडून निळी पडली होती. सासू बोंडल्यात साखरपाणी घेऊन बसली होती. माही चुलतजाऊ शोभा आली. तिचा पोरगा पाच महिन्याचा. तिनं काही इचारलं नाही. पोट्टीले उचललं अन् अंगावर लावलं. तीन दिवस तिनं दोन लेकरं पाजले, अन् स्वतः भाकरीसंगं नुसतं पाणी पिऊन अंगावर दूध आणलं. तिले कोणी पॉइंट देले नाहीत.

त्या तीन दिवसात मी रडली नाही. मी इचार करत होती.

गावची आशाताई पोरीचं वजन कराले आली, तिले म्या सगळं सांगतलं. कागद दाखवला. मले वाटलं ती म्हणीन, तो खोटं बोल्ला, असा कायदाच नाही. तर ती म्हणे, "कायदा हाये. अन् चांगला हाये. कंपन्याइनं सूट देऊन, भेट देऊन, पॉइंट देऊन बायाइले डब्याच्या नादी लावू नये, म्हणून केला. लेकराइसाठी केला. तुह्या पोट्टीसाठी केला."

 माह्या पोरीसाठी केलेला कायदा. अन् त्यानं त्याची काठी करून मलेच हाणली. अन् वहिनीबाईसाठी तीच काठी दाराच्या मागं ठेवून देली.

म्हटलं, ताई, बोट दाखवलं त्याचं काही कलम हाये काय?

म्हणे, "साक्षीले कोण येईन? ते हासले तेच?"

म्हटलं, राहू दे. बोटाचं नसन तर डब्याचं धरू. गळा कोणत्या दोरीनं आवळला त्याले काय करा लागते?

आशाताईनं माह्याकडं जरा वेगळंच पाह्यलं. पण अर्ज लिहून देला.

बाजाराच्या दिवशी आम्ही नऊ जणी गेलो. काचेच्या दारातून आत. चपला घालून. प्रत्येकीनं फळीवरचा एक-एक डबा घेतला अन् ओळीत उभ्या राह्यलो. पुढं शेवंताबाई. शोभा मागं नवऱ्याचा फोन धरून. बाजाराचं गिऱ्हाईक, दुकान गच्च भरलेलं.

शेवंताबाईनं डबा काउंटरवर ठेवला. "पॉइंटात दे. बदाम मार."

मॅनेजर धावत आला. "म्हातारे, तुले कायले डबा?"

"दात नाहीत बा मले. बदाम चावत नाहीत. डब्यातले दे."

ह्या खेपेले लोक हासले ते त्याले. त्याचे कान लाल झाले. म्हणे, डब्यावर पॉइंट चालत नाहीत, कायदा हाये. म्या तो कागद काढला. दोन्ही हातानं धरला. म्हटलं, "मंग हे बदाम कोणत्या झाडाचे? वहिनीबाईच्या पिशवीत तर डबा होता. म्या स्वतः उचलला."

"खोटारडी," तो म्हणे. "पिशवीतून कागद चोरते अन्..."

अन् तवा ती बिल करणारी पोरगी बोल्ली. मान खालीच होती तिची. "सर, तुमीच म्हणले होते. बदाम मार. तुमी सगळ्या मोठ्या लोकाइले बदामच माराले लावता."

शोभाच्या फोनमंधी ते सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याले अन्न खात्याच्या कार्यालयात अर्ज देला. बाबू वाचून म्हणे, "एवढ्या दूर पॉइंटासाठी आलीस?" म्या म्हटलं, शिक्का मारा. त्याले सांगून काय फायदा होता? शिक्का मारलेली नक्कल पोरीच्या जन्माच्या टिपणासंगं पेटीत ठेवली.

साहेब आले, दुकानाची मशीन पाहून गेले. किती बदाम निघाले कोण जाणे. पण परवा मॅनेजर माह्या घरी आला. पयल्यांदा आमच्या गल्लीत. सगळ्या बाया दारात उभ्या. मी उंबऱ्याच्या आत पोरीले पाजत होती. जखम भरली आता, दोन्हीकडचं पेते ती. म्या पदर ओढला नाही. त्यानं एकदा पाह्यलं अन् मान खाली घातली. ती वर आलीच नाही.

"ताई," म्हणे. त्या दिवशीची 'तू' आता ताई झाली. "झालं गेलं सोडा. अर्ज मागं घ्या. नोकरी जाईन माही. माहंबी लेकरू लहान हाये."

खोटं कायले बोलू, माही नजर माह्या पोरीवर गेली. लेकराचं नाव निघालं का जातेच. मंग म्या ती पुन्हा त्याच्यावर रोखली.

त्यानं थैलीतून दोन डबे काढून उंबऱ्यावर ठेवले. "हे पोरीले. मालकानं पाठवले. फुकट."

म्या शोभाले आवाज देला. "शोभे, फोन आण वं. हे डबे फुकट वाटून राह्यले. याचंबी कलम हाये म्हणे."

म्या कोण्याच माणसाले एवढ्या झटक्यानं डबे थैलीत कोंबताना कधी पाह्यलं नाही. एक घरंगळत नालीपर्यंत गेला, तो वाकून त्याच्या मागं. गल्ली पाहत होती. मले बरं वाटलं. लय बरं वाटलं.

सासू म्हणते, जाऊ दे आता, माफ कर, मोठ्या लोकाइशी वैर बरं नाही. वहिनीबाईनं मुकादमाकडून निरोप धाडला, उद्यापासून निंदाले येऊ नको. नाही जात. दुसऱ्याचं वावर पाहीन. पॉइंट अजून मशीनमंधी हायेत, त्यात मले डबा नको. कोणालेच नको. वहिनीबाईलेबी नाही भेटला पाहिजे, एवढंच मले पाहिजे.

सोमवारी बुलढाण्याले बोलावलं हाये. मले अन् मॅनेजरले, दोघाइलेबी. मी जाऊन राह्यली. पोरगी कडेवर राहीन. तिले भूक लागली तर तथीच, साहेबाच्या टेबलासमोर, पाजीन. अन् त्याले माह्यासमोर उभं करून म्हणीन, आता दाखव बोट.