काळ्या भिंतीचे वय

प्रश्न असा होता: कोकणच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरणाऱ्या काळ्या खडकाच्या उभ्या भिंती किती जुन्या आहेत, आणि त्या घडल्या तेव्हा आज हजारो किलोमीटर दूर असलेली सेशेल्स बेटे आपल्या भूमीला लागून होती का?

अशी भिंत कोणी बांधत नाही. जमिनीला तडा जातो, खालचा तप्त रस त्यात चढून थिजतो आणि भोवतालचा खडक झिजला की तो भिंतीसारखा उभा राहतो. थिजल्यापासून त्यातील पोटॅशियमचा अल्प अंश संथपणे आर्गॉन वायूत बदलत जातो. अडकलेला हा वायू मोजला की वय निघते. मात्र खडक आतून कुजला असेल तर वायू निसटतो आणि वय कमी दिसते.

गिरण्यांचा संप सरल्यानंतरच्या वर्षांत मी दादरला भूशास्त्र शिकवीत असे. दूरच्या एका प्रयोगशाळेने माझा एकच नमुना मोजण्याचे मान्य केले होते. तो चुकीचा निघाला असता तर माझा प्रबंध तिथेच संपला असता.

आमच्याकडे दगड कापायला लालबागचे एक काका येत. संपापूर्वी गिरणीत ते फोल्डिंग खात्यात होते. विणून आलेले कापड उजेडासमोर धरून दोष शोधायचा आणि दिसताच काठाला लाल दोरा बांधायचा, हे त्यांचे काम. किनाऱ्यावरून आणलेल्या सात तुकड्यांपैकी मी निवडलेला सर्वांत मोठा आणि चकचकीत होता. काकांनी तो कापला, ओला केला आणि उत्तरेच्या खिडकीशी नेला.

“दिवा लावू का?” मी विचारले.

“दिवा फसवतो, बाई. उत्तरेचा उजेड सारखा पडतो. गिरणीचं छप्पर त्या बाजूला उगाच काचेचं ठेवलं होतं काय?”

दगड वाळत गेला, पण केसाएवढी एक रेघ ओलीच राहिली. काकांनी खिशातून लाल दोरा काढून तुकड्याला गुंडाळला.

“हा माल पास नाय.”

“काका, यासाठी मी दोन वर्षं किनारा पालथा घातलाय. आणि हे कापड नाही, दगड आहे.”

“म्हणून तर सांगतो. कापड रफू तरी होतं.”

मला राग आला होता. त्या रेघेवरचा पातळ काप करून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा फटीत पिवळसर माती भरलेली दिसली; खडक आतून कुजला होता. मग उरलेले सहाही तुकडे मी त्यांच्यापुढे ठेवले. पाचांना दोरा लागला. ओबडधोबड, सर्वांत लहान तुकडा तेवढा सुटला. तोच रवाना केला.

काही महिन्यांनी उत्तर आले: सहा कोटी वर्षांहून थोडे अधिक. सेशेल्समधील काही खडकांच्या छापील वयांशी ते जुळत होते. मी धावत जाऊन काकांना सांगितले.

“मापात फरक किती?” त्यांनी विचारले.

प्रबंधाच्या परीक्षकांनीही हा प्रश्न इतक्या लवकर विचारला नाही. काही लाख वर्षे इकडे किंवा तिकडे, असे मी सांगितले.

“कागदावर लिवलाय ना? मग पास.”

एका भिंतीच्या वयाने दोन भूभाग जोडले जात नाहीत. थिजताना खडकात गोठलेली, पृथ्वीच्या त्या काळच्या चुंबकत्वाची दिशाही जुळावी लागते. दोन्ही किनाऱ्यांची मोजमापे आता ग्रंथालयांत मिळतात. माझ्या शब्दावर विसंबू नका. ती त्यांच्या फरकासह शेजारी शेजारी ठेवा आणि कृपया स्वतः पडताळून पाहा.